डोंग्यात बसण्याआधी पथकात या

वरूड, मोर्शी, तिवसा, भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, तेल्हारा. तुम्ही यांपैकी कुठलेही असा, तुमच्या घरापासून नदी किंवा धरण फार लांब नाही. वर्धा, पूर्णा, काटेपूर्णा, मोर्णा, पेढी, वाण. उन्हाळ्यात यांच्या पात्रात पोट्टे क्रिकेट खेळतात, म्हणून आपण वऱ्हाडातली माणसं स्वतःला कोरड्या मुलखातली समजतो. पाण्याची काळजी कोकणातल्यांनी करावी, आपण कपाशीची करावी, असं मनात धरून बसतो. हा समज आता सोडा. तो आपल्या लेकरांच्या जिवावर उठला आहे.

14 सप्टेंबर 2021 आठवा. गणपतीचे दिवस होते. वरूड तालुक्यातल्या गाडेगावला दशक्रियेसाठी नातेवाईक जमले होते. विधी आटोपला. झुंजचा महादेव आणि तिथला धबधबा जवळच आहे. लांबून आलेली माणसं, दर्शन घेऊनच जाऊ, म्हणून मंडळी वर्धा नदीत डोंग्यात बसली. तेरा माणसं. पात्रात डोंगा उलटला. दोघे पोहून काठाला लागले. अकरा जण गेले. त्यात लेकरंही होती. एका माणसाच्या दशक्रियेला जमलेल्या गोतावळ्यातून अकरा माणसं गेली. शोध घेणारे पुढचे काही दिवस नदीत होते आणि घरचे काठावर बसून होते.

त्या डोंग्यात कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. हौसेनं निघालेली साधी माणसं होती. डोंग्याच्या मानानं ती फार होती, एवढंच.

आता दुसरं चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या घाटावर तुमच्यासारखा एक माणूस उभा आहे. त्याला नावेतलं कळतं. तो म्हणतो, "चौघंच बसा. आधी जॅकेट घाला. बाकीचे थांबा, दुसऱ्या फेरीत नेतो." मंडळी थोडी कुरकुरली असती. तासभर जास्त लागला असता. संध्याकाळी सगळे घरी जेवायला असते.

तो माणूस तुम्ही व्हा. हे आवाहन तेवढ्यासाठी आहे. नाव सुरक्षित कशी चालवायची, माणसं कशी बसवायची, बुडणाऱ्याला कसं काढायचं, हे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या स्वयंसेवी पथकात या. गावात पथक नसेल तर उभं करा. पण यंदाचा पावसाळा अंगावर घेण्याआधी या.

असं पथक कसं असतं, हे बघायला लांब जावं लागत नाही. अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यात, पिंजर नावाचं गाव आहे. तिथे दीपक सदाफळे यांनी गावातल्या पोरांना घेऊन संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक उभं केलं. कुणी शेतकरी, कुणी मजूर, कुणी शिकणारं पोर. फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं. पूर असो, धरण असो, पडकी विहीर असो. पगार नाही. अकोला जिल्ह्यात आणि बाहेरही माणूस पाण्यात गेला की पोलीस आणि महसूलवाले ज्यांना हाक मारतात, त्यांत पिंजरचं नाव असतं.

बाबांचं नाव या पथकाला शोभतं. गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात गेलं. ऋणमोचनच्या यात्रेला येणाऱ्या लोकांसाठी त्यांनी पूर्णेवर घाट बांधला. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्यांनी पाण्याकाठी केलेलं काम आपण पुढे न्यायचं, ते नावेपर्यंत न्यायचं.

पण एक पिंजर किती पुरणार? हा प्रश्न मी तुम्हाला विचारतो आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. पाण्याखाली गेलेल्या माणसाकडे तास नसतात. श्वास थांबला की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. राष्ट्रीय दलाची पुण्याजवळ. ते जवान जीव तोडून काम करतात, त्यांना हात जोडलेच पाहिजेत. पण नागपूरहून वरूडला किंवा तेल्हाऱ्याला ते पोहोचेपर्यंत बहुधा देह शोधायचं काम उरलेलं असतं. पहिली पाच मिनिटं ना नागपूरची, ना पुण्याची. ती काठावरच्या माणसाची. म्हणजे तुमची.

आणि काठावरच्या माणसाला आता पोहता येत नाही. आपल्या आजोबांना विहिरीत पोहायला शिकवत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि काठावरून खुशाल ढकलून द्यायचं. आठ दिवसांत पोरगं सूर मारायला लागायचं. त्या विहिरी आटल्या, बुजल्या, त्यांच्या जागी बोअर आले. पोहायला शिकवणारा काका शहरात गेला. आणि नेमकं याच काळात आपल्याकडे साठलेलं पाणी वाढलं. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, महानचं काटेपूर्णा, सातपुड्याच्या पायथ्याचं वाण. अप्पर वर्ध्याची तेरा दारं उघडली की बघायला झुंबड उडते. सुट्टीला गाड्याच गाड्या. डोंगा दिसला की पोरं म्हणतात, एक चक्कर मारू. डोंगेवाला म्हणतो, "बसा नं भाऊ, काई होत नाई."

काय होतं ते नीट बघा. रिकामा डोंगा पाण्यावर उभा असतो तेव्हा त्याचा काठ पाण्यापासून चांगला वर असतो. एक माणूस बसला की तो थोडा खाली जातो. चार बसले तरी भरवसा वाटावा इतकी जागा उरते. आठ-दहा बसले की काठ आणि पाणी यांच्यात चार बोटं उरतात. आत बसलेल्याला ही चार बोटं दिसत नाहीत, तो समोर बघत असतो. मग कुणी फोटोसाठी उभं राहतं. कुणी म्हणतं, तो बघा बगळा, आणि सगळे एका अंगाला कलतात. चार बोटं संपतात. पाणी काठावरून आत येतं आणि आत आलेलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं. डोंगा आणखी कलतो, आणखी पाणी घेतो. हे सगळं होईस्तोवर कुणाच्या तोंडून हाकही निघत नाही.

हे ज्यानं एकदा नावेत बसून, उथळ पाण्यात, शिकवणाऱ्याच्या हाताखाली अनुभवलं, तो पुन्हा कधी भरल्या डोंग्यात पाय ठेवत नाही. आपल्या बायकापोरांनाही ठेवू देत नाही. पथकात तुम्हाला सगळ्यात आधी मिळतं ते हे. उभं राहायचं नाही. जड माणूस मध्ये, खाली बसायचं. चढताना एकेकानं. वारा सुटला, आभाळ आलं, की काठ सोडायचाच नाही.

वाऱ्याला हसू नका. 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. रोजची वाट होती ती. सहा जण गेले, एक पोहून वाचला. आपल्या धरणांवरही मे-जूनच्या संध्याकाळी असाच वारा सुटतो, तुम्हाला तो चांगला ठाऊक आहे. टिनाचे पत्रे उडवणारा वारा डोंग्याला काय करील?

जॅकेटचं सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त हेळसांड होते. जॅकेट नावेत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. सगळी बकलं लावा. मग दुसऱ्याला तुमच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत वर आलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला चढवू नका. पाण्यात जॅकेट वर राहतं आणि लेकरू खालून निसटतं. आयाबायांनो, ओल्या साडीचा घोळ पायाला गुंडाळतो आणि पाय मारू देत नाही. तुम्ही तर जॅकेटाशिवाय बसूच नका, घरच्या माणसानं कितीही घाई केली तरी.

"पैसे कुठून आणायचे?" असं विचाराल. गणपती मंडळाचा विसर्जनाच्या दिवशीचा वाजंत्रीचा खर्च आठवा. त्यातून काढा. एका वर्षी काढा, जॅकेटं कितीतरी वर्षं पुरतील.

आता जी गोष्ट सांगतो ती तरुण पोरांनी लक्ष देऊन वाचावी. दर पावसाळ्यात पेपरात त्याच बातम्या येतात. दोघे सख्खे भाऊ. बाप आणि मुलगा. मायलेकी. एक बुडत होता, त्याला वाचवायला दुसऱ्यानं उडी मारली. उडी मारणाऱ्याचं काळीज मोठं होतं, यात शंका नाही. पण बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, गळा असेल तर गळा धरतो, आणि मग एकाच घरातून दोन तिरड्या निघतात. म्हणून पथकात क्रम शिकवतात. आधी काठी, बांबू, तुमचं धोतर, त्या माउलीची साडी, जे लांब असेल ते पुढे करा. स्वतः जमिनीवर पोटावर पालथे पडा, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही. ते पुरत नसेल तर फेका. दोर, गाडीच्या चाकाची ट्यूब, झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन. तेही पुरत नसेल तर नाव न्या, जॅकेट घालून. उडी सगळ्यात शेवटी, आणि तीही शिकलेल्यानंच, दोर बांधून.

दोर फेकणं सोपं वाटतं. करून बघा. पहिल्यांदा तो तुमच्याच पायाशी पडतो. दुसऱ्यांदा गुंता होतो. बुडणाऱ्याच्या अंगावर नाही, त्याच्या पलीकडे टाकायचा असतो, म्हणजे ओढताना तो त्याच्या हातावरून येतो. वाहत्या पाण्यात आणखी हिशेब लागतो. हे वाचून येत नाही. काठावर चार रविवार घालवल्यावर येतं. ते रविवार द्या.

आणि माणूस बाहेर काढल्यावर काय करतो आपण? उलटा टांगतो. पोट दाबतो. गरागरा फिरवतो. ही माया असते, पण त्यात मोलाची मिनिटं जातात. त्याला पाठीवर सपाट झोपवा. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरानं आणि भरभर दाबा. तीस वेळा दाबा, दोनदा श्वास द्या, पुन्हा तीस. 108 ची गाडी येईपर्यंत थांबू नका. हे तुमच्या घरातल्या शाळकरी पोरीलाही शिकता येतं. तिला सोबत आणा.

ज्याला वाटतं की पूर आला की सरकारी बोट येईल, त्यानं ब्रह्मनाळ आठवावं. 8 ऑगस्ट 2019, सांगली जिल्हा, पलूस तालुका. कृष्णेच्या महापुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला गावातलीच बोट निघाली. वाचवायला निघालेली बोट. घाबरलेली माणसं एकदम चढली. बोट उलटली आणि 17 जण गेले. घाबरलेल्या गर्दीला काठावर थोपवणं, "आधी लेकरं आणि म्हातारी, बाकीचे मागे व्हा" असं ठणकावून सांगणं आणि लोकांनी ते ऐकणं, हे ऐन पुरात जमत नाही. गावानं आधी सराव केलेला असावा लागतो. ओरडणारा माणूस ओळखीचा असावा लागतो. तो तुमच्या गावात कोण आहे?

आपल्यालाही पूर नवा नाही. वरूडच्या पल्याड, वर्धेच्याच काठी, मोवाड आहे. 30 जुलै 1991 ला तिथे 204 माणसं गेली. एका पहाटेत गाव उद्ध्वस्त झालं. तिथल्या घरांमध्ये आजही जुलै महिना जड जातो. जुलै 2021 मध्ये मोर्णा अकोल्याच्या वस्त्यांत शिरली, तेव्हा घराघरांतून माणसं काढावी लागली. ज्या नद्यांना आपण नाला म्हणतो, त्यांनी हे केलं.

घाबरवायला लिहीत नाही. भीती वाटली तर ती घेऊन पथकात या, घरी बसू नका. आणि शूर असाल तर शौर्य जरा बाजूला ठेवून या. 23 मे 2024 ला अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेली, कसलेली माणसं होती ती. पाणी इतकं कठोर आहे. म्हणून नियम मोडणाऱ्याला पथकात जागा नसावी, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

मला पोहता येत नाही, मी येऊन काय करू, असं म्हणू नका. नावेत दोघं जातात, काठावर आठ लागतात. दोर धरणारा लागतो. नावेत किती गेले, किती परत आले, हे वहीत लिहिणारा लागतो. गर्दी मागे सारणारा लागतो. 112 ला फोन करून जागा नीट सांगणारा लागतो, कारण "धरणाजवळ" एवढंच सांगितलं तर गाडी अर्धा तास भटकते. छाती दाबणारा लागतो. शिक्षक या, किराणा दुकानदार या, आशाताई या, ट्रॅक्टरवाले या. बायांनी तर जरूर या. घाटावर कपडे धुताना लेकरू घसरतं तेव्हा तिथे बायाच असतात.

आणि भोई दादांना सन्मानानं बोलवा. ही माझी कळकळीची विनंती आहे. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं नदीवर जगली. कुठे डोह आहे, कुठे खडकात पाय अडकतो, धरणाच्या पाण्याखाली जुन्या गावाच्या विहिरी कुठे आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. दुर्घटना झाली की आपण डोंगेवाल्याला शिव्या घालतो आणि माणूस बुडाला की मध्यरात्री त्याच्याच दारी जातो. त्याला गुरू करा. तो पाणी शिकवील, तुम्ही त्याला जॅकेट, दोर आणि नियम द्या. डोंग्यात किती माणसं घ्यायची हे त्याच्याशी बसून ठरवा, तो आकडा डोंग्यावर रंगानं लिहा आणि गावानं तो पाळा. नुसती बंदी घालून भागत नाही. पलीकडे शेत असलेला माणूस बंदी असली तरी जातोच.

हे सगळं आपल्याला नवीन का वाटावं? 1914 साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान क्लब काढला. त्याचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि 1936 ला इथली पोरं बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. योग बघा, त्याच 1914 साली अमेरिकेत नावांची हौस असलेल्या नागरिकांनी आपली संघटना बांधली आणि एकमेकांना नाव सुरक्षित चालवायला शिकवायला घेतलं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर तर 1824 पासूनची संस्था आहे. तिथले साधे गावकरी बोलावणं आलं की काम टाकून लाइफबोटीवर धावतात. सरकारची वाट कुणीच पाहत बसलं नाही. आखाडा काढायला वऱ्हाडाला कुणी शिकवावं लागत नाही. हा फक्त पाण्यावरचा आखाडा आहे.

सरकारी दारही उघडं आहे. 2016 पासून केंद्राची आपदा मित्र योजना आहे. तिच्यात स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, साहित्य मिळतं. तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे, त्याचा फोन 1077. तिथे विचारा. तहसीलदारांना गावाचं निवेदन द्या. पिंजरच्या पथकाला गावात बोलवा, त्यांच्याकडून शिका, त्यांचा भार हलका करा.

दिवस हातात थोडे आहेत. मृग लागला की नद्या जाग्या होतात. मग श्रावण. शेवटच्या सोमवारी अकोल्याचे कावडधारी राजराजेश्वरासाठी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायला उतरतील, हजारोंनी, रात्रीच्या अंधारात. मग गणपती आणि देवी विसर्जन. प्रत्येक कावड मंडळानं आपली दोन माणसं काठावरच्या कामासाठी आताच ठरवा. प्रत्येक गणपती मंडळानं दोन ठरवा. नाचायला नाहीत, खांदा द्यायला नाहीत. फक्त दोर हातात घेऊन पाण्याकडे तोंड करून उभं राहायला. त्यांना आतापासून शिकवा.

2022 साली या देशात बुडून 38 हजारांवर माणसं गेली. तो आकडा दिल्लीत मोजतात. तुमच्या गावचा आकडा तुम्हाला तोंडपाठ आहे. कोणाचा कोण, कुठल्या साली, कुठल्या डोहात, सगळं ठाऊक आहे.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की पारावर या. एक वही घ्या. पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहा. मग पोहता येणारे कोण, डोंगा कोणाचा, दोर कोणाकडे, गाडी कोणाची, हे लिहा. दहा नावं होईस्तोवर घरोघर फिरा. शनिवारी भोई दादांना भेटा. सोमवारी ती यादी तहसीलमध्ये द्या आणि पोच घ्या. आणि यादी मंजूर होईपर्यंतही कुणी भरल्या डोंग्यात पाय ठेवताना दिसलं, तर त्याचा हात धरा आणि म्हणा, भाऊ, दुसऱ्या फेरीत जा.